कातड्याची जागा कापडाला

रहिमतपूर ज्या कृष्णा खोऱ्यात वसले आहे, तेथील नद्या ओलांडण्यासाठी पूर्वी बांबूच्या गोल टोपलीवर कातडे चढवून होडी करीत. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने दख्खनच्या मोहिमेसाठी अशा होड्या बनवून घेतल्या होत्या. हंपीजवळ तुंगभद्रेत त्या आजही दिसतात. कातड्याऐवजी आता प्लास्टिकचे कापड व डांबर वापरतात. लाकडी सांगाड्यावर कापड ताणून घरी कयाक बांधणाऱ्यालाही हीच निवड करावी लागते.

सुती कॅनव्हास स्वस्त व सहज मिळणारा. पण ओलसर राहिल्यास तो कुजतो. नायलॉन चिवट असते, खडकावर घासले तरी सहसा फाटत नाही. मात्र ते हवेतूनही सुमारे ४ टक्के ओलावा शोषते आणि भिजल्यावर सैल पडते. पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के ओलावा घेते, त्यामुळे ताण टिकतो. शिवाय गरम इस्त्रीने ते आवळता येते. मार नायलॉनइतका मात्र ते सोसत नाही.

कापड धक्का सोसते, पाणी अडवतो तो लेप. म्हणून लेप कापडाबरोबर ताणला जाणारा हवा. कडक लेपाला तडे जातात. नायलॉनवर दोन घटकांचे पॉलियुरेथेन, तर कॅनव्हासवर तैलरंग उपयुक्त ठरतो. डांबर स्वस्त असले तरी उन्हात चिकट होते. खडकाळ पात्रासाठी नायलॉन, संथ जलाशयासाठी पॉलिएस्टर, हा ढोबळ नियम. पहिली चाचणी मात्र उथळ पाण्यात, जीवरक्षक जाकीट घालूनच घ्यावी.