मंडईतल्या फुग्यांनंतर

दिवाळी सरली की आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे गावोगाव मंडई भरते. रात्री नाटक, दिवसा फुगे फोडायची बंदूक! नळी हमखास वाकडी, तरी पोट्ट्यांची रांग हटत नाही.

खरी एअर रायफल शिकायची असेल तर रेंज नीट पाहून घ्या. टार्गेट 10 मीटरवर, त्याचा मध्य 1.40 मीटर उंचीवर. छर्रा 4.5 मिमीचा आणि दहा गुणांचा ठिपका जेमतेम 0.5 मिमीचा, म्हणून टार्गेटवर भरपूर उजेड हवाच. इलेक्ट्रॉनिक नसलं तरी चालेल, कागदी टार्गेट पुरे. पण रिकाम्या रायफलीत सेफ्टी फ्लॅग घालायला न लावणारा कोच? तिथून सरळ परत फिरा. कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला कांस्यपदक मिळवलं ते 50 मीटरवर. आपण 10 वरून सुरुवात करू!