बटण मात्र बाबांच्या हाती

बाबांचे हात कापू लागले आणि हॅम रेडिओची चकती चाळीस वर्षांची ओळख विसरली. ठरलेली कंप्रता हुकायची, मित्रांचे आवाज निसटायचे. मी रेडिओ संगणकाला जोडला आणि ‘हॅमलिब’ या मोफत आज्ञासंग्रहाच्या आधारे छोटासा प्रोग्रॅम लिहिला. मोठा ‘एफ’ आणि पुढे ७१००००० एवढे लिहिले, की रेडिओ ७.१ मेगाहर्ट्झवर येतो. लहान ‘एफ’ लिहिला, की स्वतःची कंप्रता सांगतो. प्रक्षेपण सुरू करण्याचीही आज्ञा आहे. ती लिहू लागलो, तेव्हा बाबा म्हणाले, “ते बटण माझ्याकडेच राहू दे. परवाना माझ्या नावावर आहे, जबाबदारीही माझीच.” मी ती ओळ खोडली. परवा पहाटे पलीकडून ओळखीचा आवाज आला, “काय हो, होतात कुठे?” बाबांनी थरथरत्या बोटाने बटण दाबले.