रडू आवरत नाही तेव्हा

"एवढ्यातेवढ्यावरून रडायला काय झाले?" हे वाक्य ज्याने कधी ऐकले नाही असा विद्यार्थी विरळाच. असे म्हणताना आपण गृहीत धरलेले असते, की रडणे हे हात वर करण्यासारखे आहे. मनात आणले की थांबवता येते. हे कितपत खरे आहे ते शरीराच्या अंगाने तपासून पाहू.

डोळ्यांतले पाणी तीन प्रकारचे. पहिले डोळा ओला ठेवण्यासाठी सतत पाझरते. दुसरे कांदा चिरताना किंवा फोडणीच्या धुराने येते. ती प्रतिक्षिप्त क्रिया होय. तिसरे भावनेचे. भावनेने अश्रू ढाळणारा प्राणी, आजवरच्या माहितीप्रमाणे, माणूस एकटाच. तान्हे मूल पहिले काही आठवडे रडते ते मात्र कोरड्या डोळ्यांनी. चार्ल्स डार्विनने १८७२ साली प्रसिद्ध केलेल्या, भावना कशा व्यक्त होतात यावरच्या ग्रंथात याची नोंद आहे.

अश्रुग्रंथी डोळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला असते. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या १२ जोड्यांपैकी सातव्या जोडीमार्फत तिला आज्ञा पोचते. ही आज्ञा मेंदूच्या तळाशी असलेल्या, मज्जारज्जूला जोडणाऱ्या देठासारख्या भागातून निघते. श्वास, स्वरयंत्र आणि चेहऱ्याचे स्नायू यांचा मेळही तेथेच बसतो. म्हणून रडताना हुंदके येतात, आवाज कापतो, ओठ थरथरतात. हृदयाला 'थांब' म्हणता येत नाही, तसे अश्रुग्रंथीलाही म्हणता येत नाही. प्रमस्तिष्काच्या पुढच्या भागाकडून या यंत्रणेवर लगाम मात्र ठेवता येतो. चारचौघांत आपण रडू गिळतो ते या लगामामुळे.

तेव्हा वारंवार, न आवरणारे रडू म्हणजे एकतर भावनेचा जोर वाढला आहे, नाहीतर लगाम सैल झाला आहे. पुष्कळदा दोन्ही एकदम घडते.

लगाम सैल होण्याचे अगदी साधे कारण म्हणजे अपुरी झोप. २००७ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात सुमारे ३५ तास जागे ठेवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रे दाखवली. मेंदूतील भावनांशी निगडित ॲमिग्डाला हा भाग, झोप झालेल्यांपेक्षा त्यांच्यात सुमारे ६० टक्के अधिक उत्तेजित झाला. आणि त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी असलेला त्याचा दुवा दुबळा पडला. कुपवाडसारख्या औद्योगिक वसाहतीच्या गावात पाळीप्रमाणे घराचे वेळापत्रक बदलते. वर्गात सारखे रडणाऱ्या मुलाला आधी 'रात्री किती वाजता झोपलास?' एवढेच विचारून पाहावे.

कधी लगामाची दोरीच तुटते. अर्धांगवायूनंतर एखादे आजोबा, पाहुण्याने 'कसे आहात?' म्हणताच ओक्साबोक्शी रडतात आणि मिनिटा-दोन मिनिटांत शांत होतात. घरच्यांना वाटते, ते मनाने खचले. मग पाहुण्यांना त्यांच्या खोलीत नेणेच बंद होते. वास्तविक त्यांना त्या क्षणी दुःख झालेलेच नसेल! मेंदूतील आवर घालणारे मार्ग दुखावल्यामुळे असे होते. किनियर विल्सन या लंडनच्या चेतातज्ज्ञाने १९२४ सालीच याचे विवेचन केले होते. नैराश्यावरची काही औषधे थोड्या मात्रेत देऊन हे रडू कमी करता येते. ते डॉक्टरांना सांगितले मात्र पाहिजे.

आता भावनेच्या जोराकडे वळू. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचा पूर सांगली परिसरात घराघरांत शिरला. अशा अनुभवानंतर ढग भरून येताच एखादे मूल रडू लागले, तर तो हट्ट नव्हे. धोक्याची आठवण जागी झालेली असते. घरातील भांडणे, परीक्षेची भीती, कुणी केलेला छळ यांचेही तसेच. थायरॉइड ग्रंथीच्या स्रावाची कमतरता किंवा नैराश्याचा आजार यांतही रडू वाढते.

'अश्रूंतून शरीरातील विषारी द्रव्ये निघून जातात', असे पुष्कळदा सांगितले जाते. त्याला पुरेसा पुरावा नाही. रडून मोकळे वाटते का, हे बरेचसे जवळचा माणूस कसा वागतो यावर ठरते. शिक्षकाचे महत्त्व इथेच आहे.

आम्ही सुचवू ते असे. सर्वांदेखत 'का रडतेस?' असे विचारू नये. कारण ते तिलाही ठाऊक नसेल. मुलग्याला 'मुलीसारखा रडतोस' म्हणू नये. मैत्रिणीबरोबर पाणी प्यायला पाठवावे. श्वास सावकाश सोडायला सांगावे. रडण्यात श्वासाचे स्नायू गुंतलेले असतात आणि या यंत्रणेत आपल्या थोड्याफार ताब्यातला भाग तोच. शांत झाल्यावर एकांतात बोलावे. रडणे केव्हा, कशानंतर, किती वेळ, याची तारखेनिशी टिपणे ठेवावीत. डॉक्टरांना त्यांचा फार उपयोग होतो.

दोन आठवडे जवळजवळ रोज रडू येत असेल आणि खेळ, जेवण, झोप यांतून लक्ष उडाले असेल, तर पालकांना विश्वासात घेऊन डॉक्टर गाठावा. कुपवाडहून सांगली व मिरजेची शासकीय रुग्णालये दूर नाहीत. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे मराठीत बोलता येते. मुलाने मरणाची भाषा काढली तर मात्र एक दिवसही थांबू नये, आणि त्याला एकटे सोडू नये.

वर्गात 'रडूबाई' हे नाव एकदा पडले की पुढे तिच्या रडण्याचे कारण कुणी शोधत नाही. ते नाव पडू न देणे एवढे तरी शिक्षकाच्या हातात निश्चित आहे.