कोंडलेल्या वायूचें कोठार

वायु डोळ्यांस दिसत नाहीं, आणि जें दिसत नाहीं त्याचें भय सहसा वाटत नाहीं. वेल्डिंगच्या कारखान्यांत प्राणवायूचे व ॲसिटिलीनचे सिलिंडर कोठें तरी भिंतीशीं टेकवून ठेवलेले आढळतात, तें ह्याच निर्धास्तपणामुळें. ज्या वाचकांच्या घरचे तरुण अशा धंद्यांत शिरले आहेत, त्यांच्यासाठीं आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

प्राणवायूच्या भरलेल्या सिलिंडरांतील दाब सुमारें १५० बार, म्हणजे मोटारीच्या चाकांतील दाबाच्या जवळजवळ ७० पट असतो. असा सिलिंडर कोसळून त्याची झडप तुटली, तर वायु सुसाट बाहेर पडतो व तें जड लोखंड बाणासारखें धांवतें. म्हणून प्रत्येक सिलिंडर सांखळीनें जखडावा व वापरांत नसतां झडपेवर टोपी बसवावी.

प्राणवायु स्वतः जळत नाहीं, परंतु दुसऱ्यास जाळण्यास साह्य करतो. त्याच्या दाबाखालीं तेल किंवा ग्रीस ठिणगीवांचूनही पेट घेऊं शकतें. यास्तव झडपेस तेलकट हात लावूं नये. ॲसिटिलीनची प्रकृति निराळी. नुसता दाबून भरल्यास त्याचा आपोआप स्फोट होऊं शकतो. म्हणून सच्छिद्र द्रव्यांत मुरविलेल्या ॲसिटोनमध्यें तो विरघळवितात. सिलिंडर आडवा ठेवल्यास हें ॲसिटोन झडपेवाटे बाहेर येतें. सबब तो उभाच हवा.

आपल्याकडील २०१६ चे गॅस सिलिंडर नियम हेंच सांगतात: जागा थंड, कोरडी व हवेशीर असावी, जळाऊ वस्तु जवळ नसाव्या, ज्वालाग्राही वायूंचे सिलिंडर इतरांपासून पुरेशा अंतरावर अथवा मध्यें भिंत घालून ठेवावे. हे नियम अंमलांत आणणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचें मुख्य कार्यालय नागपुरास आहे.

एक गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणीं विसरली जाते. अग्नीचा शेष ठेवूं नये, असें आपले पूर्वज सांगत. रिकामा म्हणून बाजूस टाकलेल्या सिलिंडरांतही वायूचा शेष असतोच. त्याची झडप घट्ट बंद करून, 'रिकामा' अशी खूण करून, तो भरलेल्यांपासून वेगळा ठेवावा. नियमांची पाटी टांगून मालकाचें कर्तव्य संपत नाहीं. सिलिंडर हलविणारा पोऱ्या बहुधा सर्वांत कमी शिकलेला असतो, व अपघातांत पहिला सांपडतो तोच. त्यास प्रत्येक नियमामागील कारण त्याच्या भाषेंत, सिलिंडरापाशीं उभें राहून, समजावून द्यावें.