रुपयामागे नऊ पैसे जादा

चामटोलीच्या अंगणांत मुले भोवरा फिरवतात. वेग मंदावला की भोवऱ्याची मान डोलू लागते. अणूच्या पोटातले केंद्रकही पुष्कळदा असेच गरगरत असते आणि गरगरता गरगरता इवलेसे चुंबक बनते. बाहेरून चुंबकक्षेत्र लावले की त्याचीही मान डोलते. डोलण्याचा वेग मोजला की चुंबकत्व कळले! पण उत्तेजित, म्हणजे जादा ऊर्जा घेतलेले केंद्रक मोजायला थांबतच नाही.

पोलोनियम-210 घ्या. शिशाच्या पातळ पत्र्यावर हेलियमच्या केंद्रकांचा मारा केला की ते उत्तेजित स्थितीतच जन्मते. त्याच्या एका अवस्थेतली निम्मी केंद्रके सुमारे 100 अब्जांश सेकंदांत शांत होतात. तेवढ्यात प्रकाश जेमतेम 30 मीटर जातो. आमच्या बदलापूर लोकलचे दीड डबे म्हणा. दोन टेस्लाच्या चुंबकक्षेत्रात मात्र डोलण्याची एक फेरी 70 अब्जांश सेकंदांच्या आसपास पुरी होते.

शांत होताना केंद्रक गॅमा किरण सोडते. आघातामुळे सारी केंद्रके एका शिस्तीत कललेली असल्याने हे किरण काही दिशांना अधिक, काहींना कमी जातात. कुलाब्यापुढच्या समुद्रातल्या प्राँग्ज दीपगृहाचा झोत आठवा. तसाच हा झोत फिरतो आणि समोरच्या मोजयंत्रातली नोंद चढते, उतरते. असंख्य केंद्रकांच्या नोंदी वेळेनुसार मांडल्या की कागदावर लाट उमटते. तीच डोलण्याची चाल.

त्याच कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. थोसर, देवरे या आपल्या माणसांनी तेथे केंद्रकांच्या गॅमा किरणांचा अभ्यास रुजवला. भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबर उभारलेला 1 कोटी 40 लाख व्होल्टचा पेलेट्रॉन तेथे 30 डिसेंबर 1988 रोजी सुरू झाला. जड केंद्रके घडवून तपासायला असेच यंत्र लागते.

एवढा खटाटोप कशाला? माझा जन्म बँकेत गेला, म्हणून त्या भाषेत सांगतो. केंद्रकात प्रोटॉन फेऱ्या मारतो, त्या फेऱ्यांच्या चुंबकत्वाची पुस्तकी किंमत बरोबर 1. जपानच्या यामाझाकी व सहकाऱ्यांनी 1970 मध्ये पोलोनियम-210च्याच दुसऱ्या एका अवस्थेवरून ती काढली, तर आली 1.09. रुपयामागे नऊ पैसे जादा! कॅश कमी भरली की बँकेत धावपळ होते. पण जादा भरली तरी मुरलेला अधिकारी घरी जात नाही. ती कोणाच्या तरी खात्यातली असते.

खाते सापडले युकावांकडे. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांत कणांची देवघेव करतात म्हणून बांधलेले राहतात, असे त्यांनी 1935 मध्ये मांडले होते. ते कण, म्हणजे पायॉन, विद्युतभारही घेऊन जातात. भार हलला की प्रवाह, प्रवाह आला की चुंबकत्व. वरचे नऊ पैसे मुख्यतः या देवघेवीचे. न्यूट्रॉनला स्वतःचा भार नाही, त्यामुळे त्याच्या फेऱ्यांच्या खात्यावर शून्य हवे. तेथे मोजले तर किंचित उणे निघते.