वडापची ट्रॅक्स आणि ग्रीसची टॅक्सी

निपाणी, संकेश्वर, बेळगाव या पट्ट्यात वडापच्या, म्हणजे सीटप्रमाणे भाडं घेणाऱ्या खासगी वाहतुकीच्या, ट्रॅक्समध्ये दाटीवाटीने बसलेल्यांना त्या गाडीचं घराणं क्वचितच ठाऊक असतं. फिरोदियांच्या बजाज टेम्पोने (आजची फोर्स मोटर्स) १९८०च्या दशकात मर्सिडीजच्या परवान्याने ओएम ६१६ हे २.४ लिटरचं डिझेल इंजिन भारतात बनवायला घेतलं. तेच ट्रॅक्समध्ये आलं.

आणि याच इंजिनाची १९७६ सालची मर्सिडीज २४० डी ग्रीसमधल्या ग्रेगोरिओस साखिनिदिस या टॅक्सीचालकाने तब्बल ४६ लाख किलोमीटर चालवली! २००४मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयात गेली. निपाणी ते बेळगाव अंतर सुमारे ७५ किलोमीटर. रोज एक जाऊन-येऊन फेरी धरली, तर इतकं अंतर कापायला ८४ वर्षं लागतील.

अर्थात एकाच इंजिनाने हे झालं नाही. साखिनिदिस इंजिनं आलटून-पालटून बसवत, एक गाडीत असताना दुसरं दुरुस्त होई. दीर्घायुष्याचं खरं गमक इथेच आहे. बिडाचा जाड ब्लॉक, कमी फेऱ्यांवर मिळणारी ओढ, इलेक्ट्रॉनिक्स नाही. त्यामुळे इंजिन खोलून रिंगा, बेअरिंग बदलणं गावातल्या गॅरेजातही जमतं. याच पट्ट्यातल्या तवंदी घाटात भरल्या गाडीने चढताना वेग मिळत नाही हे खरं, पण ६५-७० अश्वशक्तीच्या या इंजिनाकडून तशी अपेक्षाही नव्हती.

निगा राखली तर इतर गाड्याही अशाच टिकतात. अमेरिकेत अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ची व्होल्वो पी १८०० एस ३० लाख मैलांपलीकडे नेली. तेल वेळच्या वेळी बदलायचं, ही त्यांची शिस्त.