पथाऱ्या गुंडाळा, आज येतीलही!

दोस्तांनो, परीक्षा जवळ आली की आमच्या शेजारची मुलगी एक उद्योग करते. भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज रात्री त्या दिवसाच्या चौकोनावर लाल पेनाने फुली मारते. सुट्टी लागायला किती चौकोन उरले हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल! परवा मी तिला सहज विचारलं, "काय गं, आज काय केलंस?" तिने जरा आठवून बघितलं आणि म्हणाली, "आज ना? काहीच नाही. आजचा संपला."

मला हसू आलं, पण मग वाटलं, हिच्या सुट्टीची तारीख निदान ठरलेली तरी आहे. वाट किती दिवस पाहायची हेच ज्याला माहीत नाही, त्याने फुल्या मारायच्या तरी कशा? आणि मला बावीस माणसांची गोष्ट आठवली. शंभर वर्षांपूर्वीची आहे, पण अगदी खरी आहे.

नकाशाचं पुस्तक काढा बघू. दक्षिण अमेरिकेचं खालचं टोक सापडलं? आता आणखी खाली या. अंटार्क्टिका खंडाचं एक लांबुळकं बोट वर आलेलं दिसेल. त्या बोटाच्या टोकापलीकडे समुद्रात एक ठिपका आहे, एलिफंट बेट. नावात हत्ती असला तरी हत्ती काय, तिथं झाडसुद्धा औषधाला नाही. काळे कडे, हिमनद्या, सोसाट्याचा वारा आणि पेंग्विन. माणसाने राहावं असं तिथं काहीही नाही.

तिथं ही माणसं गेली कशाला? गेली नाहीत, जाऊन पडली. अर्नेस्ट शॅकल्टन नावाच्या धाडसी माणसाला अंटार्क्टिका खंड एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत पायी ओलांडायचा होता. 'एन्ड्युरन्स' नावाचं जहाज घेऊन ५ डिसेंबर १९१४ रोजी तो साउथ जॉर्जिया बेटावरून निघाला. बरोबर सत्तावीस माणसं. पण जानेवारी १९१५ मध्ये, किनारा अगदी नजरेच्या टप्प्यात आलेला असताना, जहाज समुद्रावरच्या बर्फात रुतलं. पाकात पडलेल्या माशीसारखं! पुढे नाही, मागे नाही. तब्बल नऊ महिने बर्फ जाईल तिकडे जहाज जात राहिलं. शेवटी बर्फाने चहूबाजूंनी आवळून आवळून त्याच्या फळ्या फोडल्या, आणि २७ ऑक्टोबर १९१५ रोजी सगळ्यांना बर्फावर उतरावं लागलं. महिन्याभरात जहाज बुडालं.

जहाज सोडताना शॅकल्टनने हुकूम काढला, प्रत्येकाने स्वतःचं म्हणून फक्त दोन पौंड सामान घ्यायचं. दोन पौंड म्हणजे किलोभरही नाही. तुमच्या दप्तरात नुसत्या वह्याच त्याहून जड असतील! त्याने स्वतः खिशातली सोन्याची नाणी सगळ्यांसमोर बर्फावर टाकून दिली. पण हसी नावाच्या एका माणसाचा बँजो होता, चांगला साडेपाच किलोंचा. तो मात्र शॅकल्टनने मुद्दाम बरोबर घ्यायला लावला. म्हणाला, हे आपल्या मनाचं औषध आहे, याची गरज पडेल. सोनं टाकायचं आणि बँजो घ्यायचा! तुमच्यापैकी कितीजण असं करतील? मी तरी त्या वेळी नाणी हळूच मोज्यात लपवली असती.

बर्फाच्या तरंगत्या लादीवर त्यांनी पाच महिन्यांहून जास्त काळ काढला. खायला मोजकंच. वाटणीवरून भांडण होऊ नये म्हणून तंबूत एक युक्ती होती. एकाने पाठ फिरवायची, दुसऱ्याने एकेका वाटणीवर बोट ठेवून "हे कुणाचं?" विचारायचं, आणि पाठ फिरवलेल्याने नाव घ्यायचं. हा खेळ तर आपणही चिंचा वाटताना खेळतो की!

मग लादीही फुटली. ९ एप्रिल १९१६ रोजी तीन लहान नावा पाण्यात लोटून, भिजत, कुडकुडत, झोपेविना ही मंडळी १५ तारखेला एलिफंट बेटाला लागली. सोळा महिन्यांनी पायाखाली जमीन! काहीजण वेड्यासारखे हसत सुटले, कुणी खडे मुठीत घेऊन बघत बसले.

पण या बेटाकडे कुठलंही जहाज येत नसे. त्यांना शोधायलाही कुणी येणार नव्हतं, कारण ते कुठे आहेत हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिकडे युरोपात पहिलं महायुद्ध पेटलेलं. तेव्हा शॅकल्टनने पाच सोबती निवडले आणि २४ एप्रिलला जेमतेम सात मीटर लांबीच्या नावेतून तो मदत आणायला निघाला. मदत होती साउथ जॉर्जियाला, हजार किलोमीटरहून कितीतरी दूर, आणि मध्ये पसरलेला जगातला सर्वांत खवळलेला समुद्र. त्या प्रवासाची गोष्ट थरारक आहे, आणि पुस्तकांत तीच जास्त सांगतात. मला मात्र मागे राहिलेल्यांविषयी सांगायचंय. नावेत बसलेल्याला निदान वल्हं मारता येतं. मागे राहिलेल्याने काय मारायचं?

मागे राहिले बावीस. त्यांचा प्रमुख होता फ्रँक वाइल्ड. बुटकासा, कमी बोलणारा माणूस. साहेबाची नाव दिसेनाशी झाली आणि एकवीस जोडी डोळे त्याच्याकडे वळले.

त्याने आधी घर बांधायला घेतलं. उरलेल्या दोन नावा उलट्या करून दगडांच्या बुटक्या भिंतींवर ठेवल्या, बाजूंनी तंबूचं कापड लावलं. झालं घर! आत ताठ उभं राहता येत नसे. काहीजण खाली खडीवर झोपत, तर काही वर नावेच्या फळ्यांवर, वटवाघळांसारखे. चुलीत सीलची चरबी जळायची, तिच्या काजळीने सगळे कोळशाच्या वखारीतल्या हमालांसारखे काळे झाले. दिव्याला सार्डिन माशांचा रिकामा डबा, तेल म्हणून चरबी आणि वात म्हणून डॉक्टरांचं बँडेज. त्यातून खालून पाणी झिरपायचं, तेही साधं नव्हे, पेंग्विनांच्या घाणीतून आलेलं. मग मध्येच खड्डा खणून शेकडो लिटर पाणी डब्याडब्याने उपसायचं. तुमच्या खोलीत पसारा झाला म्हणून आई ओरडते ना? तिला हे वाचून दाखवा. नाही, नको दाखवायला!

तिकडचे ऋतू आपल्या उलटे. मे, जून, जुलै म्हणजे ऐन हिवाळा. दिवस काही तासांचा, बाकी अंधार. साहेबाची नाव पोचली की बुडाली? पोचली तर जहाज कधी येईल? आठवड्याने, महिन्याने, की कधीच नाही? सांगणारं कुणी नव्हतं. फुली मारायला चौकोनच नव्हते.

साहेब जाऊन पंधरवडा झाला असेल. एका सकाळी वाइल्ड उठला, त्याने आपली स्लीपिंग बॅग गुंडाळली, बांधली आणि सगळ्यांना सांगितलं, सामान आवरा रे पोरांनो, बॉस आज येतीलही. (शॅकल्टनला सगळे 'बॉस'च म्हणत.) त्या दिवशी कुणी आलं नाही. रात्री पथाऱ्या पुन्हा उलगडल्या. दुसऱ्या दिवशी वाइल्ड पुन्हा तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज!

दोस्तांनो, त्याचे शब्द नीट बघा. 'येतील' नाही, 'येतीलही'. 'आज येणारच' असं तो रोज म्हणाला असता, तर चौथ्या दिवशी सगळे त्याला खोटारडा म्हणाले असते. आणि 'येतील तेव्हा येतील, पडून राहा' म्हणाला असता, तर मंडळी खरंच पडूनच राहिली असती. सकाळी पथारी गुंडाळली की माणूस उठतो, उठला की काम दिसतं. बर्फ उपसायचा, पेंग्विन मारून आणायचे, चूल पेटवायची. चुलीजवळची उबेची जागा तर सगळ्यांनाच हवी. मग बसायच्या जागा फिरत्या ठेवल्या, म्हणजे आज तुला ऊब, उद्या मला.

रात्री बँजो निघायचा. एकमेकांच्या खोड्यांवर गाणी रचून म्हणायची. मार्स्टन नावाच्या चित्रकाराजवळ पाककृतींचं एक स्वस्तातलं पुस्तक होतं. त्यातला एकेक पदार्थ मोठ्याने वाचायचा, आणि पोटात पेंग्विन असलेल्या मंडळींनी त्यावर कडाक्याचा वाद घालायचा, यात साखर जास्त हवी की लोणी! २२ जून, म्हणजे तिथला सर्वांत छोटा दिवस. त्या दिवशी तर त्यांनी चक्क सण साजरा केला, गाण्यांचा कार्यक्रम ठेवला. आपल्याकडे दिवाळीत अंधार असतो म्हणून आपण दिवे लावतो, तसंच काहीसं.

त्यांच्यात ब्लॅकबोरो नावाचा एक पोरगा होता, विशीतला. तो तर जहाजात लपून चोरून आलेला! नावेतल्या प्रवासात त्याच्या डाव्या पायाची बोटं गारठून मेली होती. १५ जूनला दोन डॉक्टरांनी त्या काजळीच्या घरात, चरबीच्या चुलीपाशी त्याची पाचही बोटं कापली. भूल द्यायला क्लोरोफॉर्म अगदी थोडा होता. खोली गरम व्हावी म्हणून एकजण सारखी चूल भडकवत होता आणि ज्यांचं काम नव्हतं ते बाहेर थंडीत ताटकळत होते. पोरगा शुद्धीवर आला तो हसतच.

आता वाइल्डची एक न पटलेली गोष्टही सांगतो. उद्याची चिंता वाहणारेही तिथं होते. त्यांचं म्हणणं, आत्ता प्राणी मिळताहेत तोवर मांस भरपूर साठवून ठेवू. वाइल्ड फार साठा करू देईना. त्याला वाटे, मोठा ढीग रचला की त्याचा अर्थ सगळ्यांच्या मनात एकच होईल, बॉस येणार नाहीत. पण ऑगस्टमध्ये पेंग्विन मिळेनासे झाले. मग खडकाला चिकटलेल्या शिंपल्या आणि समुद्रातलं शेवाळ उकडून खायची वेळ आली. मला विचाराल तर इथे वाइल्डचं चुकलं. पथारी रोज गुंडाळावी, पण कोठीत चार दिवसांचं जास्त असलं म्हणून बिघडलं काय? तुमच्या घरच्या मोठ्यांना विचारून बघा, दोन्ही बाजूंनी भांडणारे निघतील.

आणि हो, तो स्वतःही उद्याचा विचार करत नव्हता असं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कुणी आलं नाही, तर एक नाव घेऊन डिसेप्शन बेटाकडे जायचं, हे त्याने ठरवून ठेवलं होतं. ठरवलं आणि बाजूला ठेवलं. सकाळी उठून पुन्हा आपली पथारी!

तिकडे शॅकल्टन साउथ जॉर्जियाला पोचला होता. पण एलिफंट बेटाभोवती बर्फाचा वेढा. एक जहाज घेऊन आला, परत फिरला. दुसरं आणलं, परत. तिसरं, परत. तीन वेळा! बेटावरच्या माणसांना यातलं अक्षरही माहीत नव्हतं.

३० ऑगस्ट १९१६. दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. वाइल्ड वाढत होता, बहुतेकजण आत होते. एवढ्यात मार्स्टन आत डोकावला आणि म्हणाला, जहाज दिसतंय, जाळ करायचा का? पुढचं कुणी ऐकलंच नाही. एकच झुंबड उडाली! भांडी लवंडली, दारातून सगळे मावेनात म्हणून कापडाची भिंतच फाडून मंडळी बाहेर पडली. निशाण फडकवावं म्हटलं तर ते थंडीने फळीसारखं कडक झालेलं. ब्लॅकबोरोला उचलून बाहेर आणून बसवलं, म्हणजे त्याचीही गंमत चुकायला नको.

ती होती 'येल्चो', चिली देशाची छोटीशी बोट. कप्तान लुईस पार्दो. तिच्यावरून शॅकल्टन दुर्बिणीतून किनाऱ्यावरचे काळे ठिपके मोजत होता. वीस... एकवीस... बावीस! लहान होडी किनाऱ्याजवळ आली, तसं त्याने लांबूनच ओरडून विचारलं, सगळे ठीक आहात ना? वाइल्डने ओरडून सांगितलं, सगळे ठीक आहोत, बॉस!

एकशे अठ्ठावीस दिवसांनी भेट होत होती. वाइल्डला वाटत होतं, साहेबांनी उतरून आपलं घर तरी बघावं. पण शॅकल्टनचं लक्ष सगळं समुद्राकडे. बर्फ पुन्हा कधी मिटेल याचा नेम नव्हता, एक मिनिट वाया घालवायची सोय नव्हती. तो उतरलाच नाही.

बावीस माणसं, त्यात एक चालता न येणारा, आणि साऱ्यांचं सामान. हे सगळं बोटीवर चढायला फक्त एक तास लागला. सामान शोधायला, बांधायला वेळ जायचं कारणच नव्हतं. त्या सकाळीही वाइल्डने ते आवरून घेतलं होतं.